टाळ बघून गाणारे मामा



आजचं चिंतन गीतेच्या अध्याय 9, श्लोक 14 वर. भगवंत म्हणतात, माझे भक्त सतत माझं कीर्तन करतात, तेही दृढ व्रताने.

हे दृढ व्रत मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एकादशीच्या भजनात पाहिलं. माईक नाही, फक्त वीणा, टाळ, पखवाज. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे टॉवेल विणून एका मामांना ऐकू कमी येतं. ते शेजाऱ्याचा टाळ बघून ठेका धरतात. मामा मागे पडले की सगळे धृपद पुन्हा घेतात. कोणी वैतागत नाही.

आपण मात्र ‘आवाज चांगला नाही’ म्हणून गप्प बसतो. अहो, भजनाला सोबत पुरते! आज एकदा तरी मोठ्याने नाम घ्या, आणि मागे राहिलेल्यासाठी थांबा.