हात न लावण्याचं पुण्य

बाग करणाऱ्या जैन बाईला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, "तुम्ही कंदमूळ खात नाही, चातुर्मासात पालेभाजी सोडता, मग झाडाला कात्री कशी लावता हो?" विचारणारा कधी खवचट असतो, कधी भाबडा. प्रश्न मात्र खरा आहे. आपल्याकडे वनस्पती ही नुसती वस्तू मानलेली नाही. ती जीव आहे, एकेंद्रिय जीव. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, आहे ते फक्त स्पर्शेंद्रिय. तिला कापलं की हिंसा होते, यातून पळवाट नाही. मग बाग करायचीच नाही का?

या प्रश्नाचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर मोरवेल येते. हल्ली नर्सरीत बशीएवढ्या जांभळ्या फुलांची क्लेमॅटिस मिळते, तिचीच ही आपल्याकडची बहीण. घाटातल्या कुंपणांवर, झुडपांवर चढलेली दिसते आणि पावसाळा सरला की बारीक पांढरट फुलांनी भरून जाते. आमचं बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर, त्यामुळे इथली हवा तिला मानवते. तिच्या फुलाला पाकळ्या नसतात. आपण पाकळ्या समजतो ती फुलाची बाहेरची दलं. फुलं गळली की प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते. नाव यावरूनच पडलं असेल की काय, असं वाटतं.

पण खरी गंमत तिच्या चढण्यात आहे. काकडीला असतात तसे तणावे तिला नाहीत. ती पानाच्या देठानंच आधार धरते. देठाला सुतळी किंवा काटकी लागली की तो तिच्याभोवती वळतो आणि घट्ट होतो. जाड खांब दिला तर बिचारीला धरताच येत नाही. एकाच इंद्रियावर जगणं म्हणजे काय, हे प्रवचनात अनेकदा ऐकलं होतं. त्या देठाकडे बघताना ते समजलं. जगाशी तिचं नातं तेवढंच, लागलं ते धरायचं.

तिची निगा फार नाही. मुळं थंडाव्यात आणि शेंडा उन्हात, एवढं सांभाळायचं. बुंध्याशी वाळका पाला नाहीतर नारळाची सोडणं पसरायची, पाणी साचू द्यायचं नाही. आणि वर्षातून एकदा छाटायचं. मोरवेलीला फुलं येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटव्यांवर. म्हणून बिया उडून गेल्या की, थंडी संपताना, जुना गुंता काढून दीड-दोन फुटांवर, जिथे डोळ्यांची जोडी फुगलेली दिसते, तिच्या जरा वर कापायचं. (नर्सरीतल्या काही जातींना जुन्या फांदीवरच फुलं येतात, त्यांना असं छाटू नये, आधी विचारून घ्यावं.) चीक हाताला लागू देऊ नये, आग होते. छाटलीच नाही तर खाली नुसती लाकडं राहतात, फूल सगळं शेंड्याला, आणि मध्ये वाळक्या काड्यांची गादी तयार होते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, काही वर्षांपूर्वी व्रतं घेतली आणि सांगितलं, "आता मी झाडाला कात्री लावणार नाही." कुणाच्या व्रतावर आपण बोलू नये. मी बोललेही नाही. पण अंगणातल्या मोरवेलीला त्यांच्या व्रताची खबर नव्हती. तीन पावसाळ्यांत ती डाळिंबावर चढली, डाळिंबाला ऊन मिळेना, त्याच्या फांद्या वाळल्या. मग ती शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेली. भिंतीला ओल आली, तक्रारी सुरू झाल्या. शेवटी ऐन आषाढात शेजाऱ्यांनी कोयता घेऊन माणूस बोलावला. त्यानं एका सकाळी सगळं ओरबाडून काढलं. गुंत्यात बुलबुलाचं घरटं होतं, पिल्लं होती. गोगलगायी, मुंग्या, किडे तर किती असतील त्याची मोजदाद नाही. पुन्हा फुटू नये म्हणून त्यानं बुंध्यावर रॉकेल ओतलं. अक्का जपमाळ घेऊन आत बसल्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "माझ्या हातून काही झालं नाही, एवढं बरं."

हे वाक्य मला सोडत नाही. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान्यता देणं, अशा तीन वाटांनी हिंसा लागते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अक्कांनी यातलं काहीच केलं नव्हतं. तरी ती वेल लावली कुणी होती? पाणी घालून वाढवली कुणी होती? तीन वर्षं दारातून रोज दिसत असताना तिच्याकडे बघितलं नाही कुणी?

शास्त्रकारांचं बारीक लक्ष यावर होतं. गृहस्थानं जाणूनबुजून, मारण्याच्या इराद्यानं केलेली हिंसा पूर्ण सोडायची. घरकामात, उद्योगात, स्वतःच्या बचावात होणारी हिंसा टळत नाही, ती कमी करत जायची. शिवाय अनर्थदंड म्हणून वेगळा दोष सांगितला. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे विनाकारण माती खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं. तिथला भर प्रमादावर, बेफिकिरीवर आहे. आणि बेफिकीर माणूस कात्री चालवताना असतो तसाच कात्री खाली ठेवतानाही असू शकतो.

बस्तीत लेश्यावृक्षाचं चित्र आपण पाहतो. भुकेले सहा जण जांभळाखाली येतात. एकाला झाड मुळासकट हवं, दुसऱ्याला खोड, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला डहाळ्या, पाचवा फक्त फळं तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. मुलांना हे चित्र दाखवताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. ते सहाही जण वाटसरू आहेत. झाड त्यांच्यापैकी कुणी लावलेलं नाही. ज्यानं लावलं त्याला सहाव्यासारखं वेचून पुढे जाता येत नाही. त्याला उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं, पावसाआधी आधार बांधायचा असतो आणि फांदी दुसऱ्याच्या जिवावर उठायला लागली तर ती आवरायचीही असते.

म्हणून छाटणी निर्दोष होते असं मी म्हणत नाही. पाप ते पापच, कात्री लावणाऱ्यानं ते स्वतःच्या खात्यावर घ्यावं. पण कात्री केव्हा आणि कशी लावायची हे आपल्या हातात असतं. पावसाळ्यात पानापानाखाली जीव असतो, तेव्हा हात आवरायचा. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतं, त्याच सुमाराला तिच्या कळ्या धरू लागतात, तेव्हा नुसतं बघायचं. बिया उडेपर्यंत थांबायचं. मुनींच्या हातातली पिंछी मोरानं आपणहून गाळलेल्या पिसांची असते आणि तिचं कामही जीव हलकेच बाजूला करायचं. वेलीनं आपली पिसं सोडली की मग गुंता बोटांनी उकलायचा, घरटं नाही ना बघायचं, आणि मगच कापायचं. यात वेळ जातो. तो जाणंच योग्य.

अक्कांना खरंच सोडायचं असतं तर तेही करता आलं असतं. दीक्षा घेणारा माणूससुद्धा आधी घरच्यांचा निरोप घेतो, संमती मिळवतो, मागचं मार्गी लावतो. आपल्यावर जे अवलंबून आहे ते कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय त्याग पुरा होत नाही. हे वेलीपुरतंच आहे असं नाही. म्हातारी सासू, अबोल झालेली मुलगी, घरातला वाढत चाललेला अबोला, यांच्या बाबतीतही "मी काही बोलले नाही, मी त्यात पडले नाही" असं आपण बायका फार समाधानानं सांगतो. तेव्हा मैत्रिणींनो, चातुर्मासात नियम घेताना काय सोडायचं याची यादी जरूर करा. फक्त प्रत्येक गोष्टीपुढे एक प्रश्न लिहा, मी सोडल्यावर हिला बघणार कोण?