दोन पगार आणि एक दान

दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेठजीची थैली उभी राहते. "आमचेच भागत नाही, आम्ही कसले दान करणार?" असे घरोघरी ऐकू येते. म्हणून आज एका टपाल कामगाराच्या दानाचा विचार करू.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हर्बर्ट व्होगेल टपाल खात्यात रात्रपाळीला पत्रांची वर्गवारी करीत. ते शिंप्याचे पुत्र. हायस्कूलचे शिक्षणही पुरे झाले नव्हते. पत्नी डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीस होत्या. १९६२ साली विवाह झाल्यावर दोघांनी ठरविले की, डोरोथीबाईंच्या पगारात घर चालवायचे आणि हर्बर्ट यांच्या पगारात नव्या, हयात कलावंतांच्या कृती घ्यायच्या. किंमत पगारात बसावी आणि वस्तू लहानशा घरात मावावी, एवढ्याच अटी. भिंती भरल्या, पलंगाखालची जागाही भरली. पुढे त्यांतील कित्येक कलावंत जगप्रसिद्ध झाले. संग्रह विकला असता तर दोघे श्रीमंत झाले असते.

परंतु १९९२ साली त्यांनी तो संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे सोपविला. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि दान आलेली कृती विकली जात नाही, म्हणून त्यांनी हे स्थान निवडले. कलादालनाने देऊ केलेल्या अल्प वार्षिक रकमेतूनही त्यांनी पुन्हा चित्रेच घेतली. २००८ साली पन्नास राज्यांतील एकेका संग्रहालयास पन्नास, अशा अडीच हजार कृती देण्याचा संकल्प जाहीर झाला.

बंधुभगिनींनो, तथागतांनी दानाचे मोल वस्तूच्या किमतीवरून केले नाही, देणाऱ्याच्या चित्तावरून केले. देण्यापूर्वी, देताना आणि दिल्यावर मन प्रसन्न राहिले पाहिजे. फाटके वस्त्र, उरलेले अन्न देणे म्हणजे घर झाडणे होय. जे आवडीने जपले, त्यावरचा हात सोडणे म्हणजे दान.

आणि दान कोठे द्यावे? ज्यांच्या तोंडावर पिढ्यान्पिढ्या दारे लावली गेली, त्यांना उघड्या दाराचे मोल सांगावयास नको. जेथे कोणालाही जात व ऐपत न विचारता प्रवेश मिळतो, तेथे द्यावे.

आपल्या घरी मोलाची चित्रे नसतील. पण पोटाला चिमटा घेऊन घेतलेला एखादा ग्रंथ असेल. आपला वाचून झाल्यावर तो विहाराच्या वाचनालयात ठेवा. आपण न पाहिलेले मूल उद्या तो उघडील.