मुंगुसाचा अपराध कोणता?

पंचतंत्रांतील ब्राह्मणी आणि तिचें इमानी मुंगूस यांची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मुलाला सापापासून वांचविणाऱ्या मुंगुसाच्या तोंडास रक्त पाहून तिनें त्यासच ठार केलें आणि खरा प्रकार कळल्यावर ती ऊर बडवीत बसली. अविचाराचें असेंच एक फळ जपानच्या दक्षिणेकडील बेटांस आमच्या काळांत भोगावें लागलें.

या बेटांवर हाबू नांवाचा विषारी सर्प आहे. त्याचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९१० सालीं शोझाबुरो वातासे या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें गंगेच्या मुखाकडील मुंगुसें ओकिनावा बेटावर नेण्यांत आलीं; १९७९ मध्यें सुमारें ३० मुंगुसें अमामी ओशिमा बेटावर सोडलीं गेलीं. परंतु मुंगूस हिंडणार दिवसां, हाबू हिंडणार रात्रीं! दोघांची गांठ क्वचितच पडे. मग मुंगुसांनीं समोर आलें तें खाल्लें, आणि त्यांत तेथील काळा ससाही सांपडला. हा ससा अमामी व शेजारचें तोकुनोशिमा यांखेरीज जगांत कोठेंही आढळत नाहीं. अखेर सांपळे लावून व शिकविलेले कुत्रे सोडून हजारों मुंगुसें मारण्यांत आलीं. सप्टेंबर २०२४ मध्यें अमामीवर मुंगूस उरलें नसल्याचें सरकारनें जाहीर केलें. सशांची संख्या पुन्हां वाढली आहे.

हें योग्य झालें काय? कोणी म्हणतील, ही हिंसाच. मुंगुसांस जगूं द्यावयाचें होतें. पण मग सशाचा वंश बुडाला असता, आणि तोही मनुष्याच्याच करणीनें. स्वस्थ बसल्यानें हात निर्मळ राहत नाहींत. उलट कोणी म्हणतील, उपद्रवी प्राण्यास ही शिक्षा योग्यच. हेंही आम्हांस मान्य नाहीं. शिक्षा अपराध्यास द्यावयाची असते. मुंगुसानें तर केवळ आपला स्वभावधर्म पाळला. तें आपण होऊन समुद्र ओलांडून गेलें नव्हतें.

तेव्हां कृत्य अटळ होतें, पण न्याय्य नव्हतें. मनुष्यानें आपलें ऋण दुसऱ्याच्या प्राणांनीं फेडलें, हेंच त्याचें खरें नांव. हा नुसता शब्दच्छल नव्हे. शिक्षा म्हटली कीं हिशेब मिटला, आणि उद्यां दुसरा प्राणी दुसऱ्या बेटावर सोडावयास आपण मोकळे; ऋण म्हटलें तर पुढच्या खेपेस हात थोडा आखडेल. पंचतंत्रांतील ब्राह्मणीनें निदान मुंगुसास दोष दिला नाहीं.