कान्होबांचा वाटा

वर्षाचा घरखर्च १२ लाख असेल, तर ३ कोटी साठले की नोकरी सोडायला मोकळे. हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत तिशी-पस्तिशीतली अनेक जोडपी हा हिशेब मांडून बसलेली असतात. दरमहा एसआयपी, घरात एकच गाडी, परदेशवारी नाही आणि पंचेचाळिशीच्या आत राजीनामा. आर्थिक स्वातंत्र्य आणि लवकर निवृत्तीच्या या वाटेला ‘फायर’ असे नाव रूढ झाले आहे.

खर्चाच्या २५ पट हा आकडा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ मधल्या लेखावरून आला. त्यांनी १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर आणि रोख्यांचे परतावे तपासले. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पैसे निदान ३० वर्षे पुरतात, असे त्यांना आढळले. चाळिशीत थांबणाऱ्याला मात्र कदाचित ५० वर्षे काढायची असतात. शिवाय हे सूत्र महागाई वगळता खर्च दरवर्षी सारखाच धरते. लेकुरवाळ्या घरात तो तसा नसतो. आज दुसरीत असलेले मूल दहा वर्षांनी कॉलेजच्या दारात उभे राहते.

गणितातली ही उणीव गणितानेच भरून काढता येते. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धीचे खाते उघडता येते, शिक्षणाचा निधी वेगळा काढता येतो, २५ ऐवजी ३५ पट धरता येते. आकडेमोडीने न सुटणारा प्रश्न निराळाच आहे. ज्याच्यावर कुणीतरी अवलंबून आहे, त्याला कमावण्याच्या कर्तव्यातून स्वतःला मोकळे करण्याचा अधिकार केव्हा मिळतो?

हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला नवा नाही. गृहस्थाने वनाकडे केव्हा वळावे, याच्या तीन खुणा मनुस्मृती सांगते: अंगावर सुरकुत्या, पांढरे केस आणि अपत्याचे अपत्य. त्यांत संपत्तीचा उल्लेख नाही. पहिल्या दोन खुणा शरीराच्या आहेत, तिसरी नात्याची. आपले मूल स्वतः आईबाप झाले, म्हणजे त्याचा भार आता आपल्यावर उरला नाही. कौटिल्य तर याहून रोखठोक आहे. बायकामुलांची सोय न लावता जो प्रव्रज्या घेईल, त्याला अर्थशास्त्राने दंड सांगितला आहे. संन्यासाइतकी पवित्र मानलेली गोष्टसुद्धा मुलांना वाऱ्यावर सोडून करता येत नव्हती.

महाराष्ट्राला या प्रश्नाची सर्वांत दुखरी कथा ठाऊक आहे ती आपेगावच्या विठ्ठलपंतांची. घरी पत्नी असताना त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत संसारात पाठवले. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले झाली, आणि संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. क्रौर्य समाजाचे होते, यात शंका नाही. पण बापाने उमेदीच्या वयात घेतलेल्या एका निर्णयाचे ओझे तेव्हा जन्मालाही न आलेल्या लेकरांनी वाहिले, हेही तितकेच खरे.

याला उत्तर देहूच्या एका प्रसंगात सापडते. दुष्काळाने आणि घरातल्या मृत्यूंनी खचलेल्या तुकोबांचे मन सावकारीतून उडाले आणि त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटे भाऊ कान्होबा यांनी हरकत घेतली, कारण त्यांना प्रपंच चालवायचा होता. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रानुसार तुकोबांनी कागदांची वाटणी केली. कान्होबांचा अर्धा भाग त्यांना दिला, आणि स्वतःच्या वाट्याचे तेवढे कागद नदीच्या स्वाधीन केले.

विरक्तीच्या ऐन भरात, नदीच्या काठावर उभे असताना, तुकोबांना आपले काय आणि दुसऱ्याचे काय याचा विसर पडला नाही. लवकर निवृत्तीच्या नीतीचा गाभा इथे आहे. मोठी गाडी, हॉटेलातले जेवण, नवा फोन हे आईबापांच्या वाट्याचे कागद आहेत. ते खुशाल बुडवावेत. मुलाचा दवाखाना, त्याची शाळा, तबल्याची किंवा बुद्धिबळाची गोडी, मित्रांसोबतची सहल हा कान्होबांचा वाटा. निवृत्तीची तारीख दोन वर्षांनी अलीकडे यावी म्हणून तिथे कात्री लावली, तर व्रत आईबापांचे आणि उपास मुलांचा असे होते.

पण मुलांचा वाटा फक्त पैशांत नसतो. रात्री नऊला घरी पोचणारा आणि रविवारीही लॅपटॉप उघडणारा बाप लेकराच्या वाट्याचा वेळ दररोज बुडवत असतो, आणि ती बुडीत खाती कुणाच्या नजरेस येत नाहीत. या चळवळीतले एक सर्वपरिचित नाव, मूळचे कॅनडाचे आणि कोलोरॅडोत स्थायिक झालेले पीट एडनी. त्यांनी २००५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, सॉफ्टवेअरची नोकरी सोडली ती मूल वाढवायला वेळ मिळावा म्हणून. हा वानप्रस्थ नव्हे. नोकरी सोडून मुलाच्या अभ्यासाला, आजारपणाला, खेळाला पुरे पडणारा माणूस गृहस्थाश्रमात अधिक खोल उतरलेला असतो.

एडनी यांनी नोकरीनंतर सुतारकाम केले, घरे बांधली, लेखन केले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांचा आग्रह नेमका हाच होता: स्वतःला मिळवायचे काही उरले नाही, तरी लोकसंग्रहासाठी कर्म सुटत नाही. ज्ञान्यालाही जी सूट नाही, ती ३ कोटींच्या धन्याला कशी मिळेल? दिवसभर बाजाराचे चढउतार पाहणारे आईबाप आणि पगाराविना गावच्या शाळेत गणित शिकवणारे आईबाप यांच्या पुंजीचा आकडा एकच असू शकतो. पण मुलाच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी दोन आयुष्ये वेगळी असतात.

कान्होबा मोठे होते. आपला वाटा ते तोंडाने मागू शकले. चार वर्षांच्या मुलाला तो मागता येत नाही, आणि पुढे त्याला काय लागेल हे त्यालाही माहीत नसते. म्हणून त्याच्या वतीने हिशेब करताना हात सैल हवा. पुंजी थोडी जास्त धरावी, हातातले कौशल्य गंजू देऊ नये, गरज पडली तर पुन्हा नोकरी करण्यात कमीपणा मानू नये. मूल बारा-चौदा वर्षांचे झाले की वह्या त्याच्यासमोर उघडाव्यात, घर कशावर चालते ते सांगावे, आणि त्याने हरकत घेतली तर तुकोबांनी घेतली तितक्याच गांभीर्याने ती घ्यावी.