आप्त कोणाला म्हणावे? : इन्स्ट्रुमेंट रेटिंगची शाळा आणि प्रमाणाचा प्रश्न

ढगात शिरलेल्या विमानातून बाहेर पाहिले तर चहूकडे एकसारखा करडा पडदा दिसतो. क्षितिज दिसत नाही, जमीन दिसत नाही; विमान सरळ चालले आहे की एका पंखावर कलले आहे, हे नजरेला ठरवता येत नाही. अशा वेळी समोरच्या पॅनेलवरची उपकरणे वाचून विमान चालवण्याची पात्रता म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग. या प्रशिक्षणासाठी फ्लाइंग स्कूल निवडताना विद्यार्थी फी, अंतर आणि विमानांची संख्या यांचा हिशेब मांडतो. तो हिशेब आवश्यकच आहे, पण त्याच्या मुळाशी प्रमाणशास्त्रातला, म्हणजे खरे ज्ञान कशाने मिळते याच्या शास्त्रातला, एक जुना प्रश्न आहे. स्वतःची इंद्रिये जिथे खोटी साक्ष देतात तिथे कोणाच्या शब्दावर विसंबावे? आणि ज्याला विषय कळत नाही, त्याने विषय कळणारा माणूस ओळखावा कसा? पहिला प्रश्न कॉकपिटमध्ये पडतो, दुसरा शाळेच्या दारात.

इंद्रिये खोटी साक्ष देतात याचे कारण शरीररचनेत आहे. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोके वळले की हा द्रव मागे रेंगाळतो, नलिकेतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला वळल्याची जाणीव होते. वळण एकाच वेगाने चालू राहिले, तर काही सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि वळण थांबल्याचा भास होतो. विमान मात्र वळतच असते. वैमानिकाने ते खरोखर सरळ केले, की शरीर सांगते, आता आपण उलट बाजूला वळू लागलो. एरवी क्षितिज ही चूक दुरुस्त करते. ढगात दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही.

१९२६ मध्ये अमेरिकी लष्करातला अनुभवी वैमानिक विल्यम ओकर याला लष्कराचे डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवले, तेव्हा खुर्ची कोणत्या दिशेला फिरते आहे हे त्याला बरोबर सांगता आले नाही. अनुभवाने हा भ्रम जात नाही, हे त्यातून दिसले. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरण-उड्डाण न शिकलेल्या २० विद्यार्थ्यांना बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. सोबत प्रशिक्षक असल्यामुळे जिवाला धोका नव्हता, पण विसांच्या विसांनी विमानावरचा ताबा घालवला. त्यांतल्या १९ जणांचे विमान खाली जाणाऱ्या घट्ट चक्राकार मार्गात गेले. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद होता. उलट बाजूचा पुरावा त्याआधीच मिळालेला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल याने लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्ड येथे झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर न पाहता विमान उडवले, वळवले आणि उतरवले. खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक पुढच्या आसनावर होता. डूलिटलसमोर स्पेरीचे कृत्रिम क्षितिज होते आणि कोल्समनचा अचूक अल्टिमीटर होता.

भारतीय दर्शनांत प्रत्यक्षाला प्रमाणांमध्ये ज्येष्ठ स्थान आहे. मात्र न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे वस्तूशी विसंगत नसलेले, असावे अशी अट घातली आहे. त्या अटीनुसार ढगातली वळण थांबल्याची जाणीव प्रत्यक्ष ठरत नाही, ती भ्रम ठरते. अडचण अशी की ज्याला ती होते, त्याच्या दृष्टीने खऱ्या आणि खोट्या जाणिवेत काहीच फरक नसतो. दोन्ही तितक्याच ठाम असतात. म्हणून निवाडा जाणिवेच्या बाहेरच्या कशाने तरी करावा लागतो, आणि ते काम उपकरण करते.

उपकरण वाचणे हे कोणते प्रमाण? कृत्रिम क्षितिजावरची रेषा डोळ्यांना दिसते, हे प्रत्यक्ष. रेषा कलली म्हणून विमान कलले असे ठरवणे, हे अनुमान. हे अनुमान ज्या व्याप्तीवर उभे आहे ती, म्हणजे रेषा आणि पंख यांचा नियत संबंध, वैमानिकाने स्वतः शोधून काढलेली नसते. ती त्याने शिकवणाऱ्याकडून घेतलेली असते, म्हणजे ती शब्दप्रमाणावर, विश्वासू माणसाच्या वचनावर, टेकलेली असते. ढगात वैमानिक उपकरणावर विश्वास ठेवतो तेव्हा त्याखाली शाळेवरचा विश्वास असतो. शाळेची निवड हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही, तो यामुळे.

व्याप्ती कोठे तुटते, हेही शिकवावे लागते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण गेले. चौकशीतून पुढे आलेले कारण असे : उजवीकडचे वळण संपवून विमान सरळ झाले, तरी कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज विमान उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. खाली काळोखा समुद्र होता, नजरेला खरे क्षितिज नव्हते. कॅप्टनने विमान डावीकडे इतके कलवत नेले की ते पार आडवे होऊन त्याच्याही पुढे कलले. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते आणि तिसरे राखीवही होते. पण त्यांच्याशी पडताळा वेळेत झाला नाही. ‘शरीरावर विश्वास ठेवू नका, उपकरणावर ठेवा’ एवढेच शिकवणारी शाळा अर्धेच शिकवते, असे हा अपघात सांगतो.

ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात झालेला वाद येथे थेट उपयोगी पडतो. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान आले किंवा ते निर्माण करणाऱ्या साधनात दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. असे मानले नाही तर एका ज्ञानाच्या खात्रीसाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे अशी अनवस्था होते. प्रत्येक काट्यावर संशय घेणारा वैमानिक विमान चालवूच शकणार नाही, हे त्याचे व्यावहारिक रूप. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून ठरते : ज्ञानानुसार केलेली कृती सफळ झाली, म्हणजे ते ज्ञान खरे होते. चांगले प्रशिक्षण या दोन्ही मतांना आपापल्या जागी ठेवते. काटा दिसेल तो खरा धरून वैमानिक हालचाल करतो आणि लगेच दुसऱ्या उपकरणावर तिचा परिणाम दिसतो का, ते पाहतो.

हा पडताळा शक्य होतो तो उपकरणांच्या रचनेमुळे. बहुतेक जुन्या प्रशिक्षण विमानांत कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो इंजिनाला जोडलेल्या व्हॅक्यूम पंपावर चालतात. अल्टिमीटर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो, वेगदर्शकाला त्याखेरीज पिटो नळीतून येणारा दाब लागतो आणि टर्न को-ऑर्डिनेटर विजेवर चालतो. पंप बंद पडला तर जायरोचा वेग हळूहळू कमी होतो आणि क्षितिजाची रेषा सावकाश कलू लागते. ती एकदम पडत नाही, म्हणूनच फसवते. पण त्या वेळी टर्न को-ऑर्डिनेटर सरळ असतो आणि उंचीही स्थिर असते. ज्यांचा उगम वेगवेगळा आहे असे साक्षीदार एका बाजूला आणि एकटे क्षितिज दुसऱ्या बाजूला, असे झाले की दोष कोणात आहे ते कळते. बिघडलेले उपकरण झाकून उरलेल्यांवर विमान चालवण्याच्या सरावाला ‘पार्शल पॅनेल’ म्हणतात. शाळा या सरावाला किती तास देते, हे निवडीच्या वेळी विचारण्याजोगे पहिले माप आहे.

आता दुसरा, शाळेच्या दारातला प्रश्न. प्लेटोच्या ‘कार्मिडीझ’ या संवादात सॉक्रेटिस एक पेच मांडतो : खरा वैद्य आणि भोंदू यांतला फरक ओळखायचा तर ओळखणाऱ्याला वैद्यक यायला हवे, आणि ते येत असेल तर त्याला वैद्याची गरज काय? शाळा शोधणारा विद्यार्थी याच पेचात असतो. इन्स्ट्रक्टरचे अप्रोच, म्हणजे उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येणे, शिकवणे चांगले की वाईट, हे समजण्याइतके ज्ञान त्याला त्या शाळेतूनच मिळायचे असते.

न्यायपरंपरेने या पेचाला दिलेले उत्तर व्यवहारी आहे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, ओळख तीन गोष्टींवर बसवली : त्याने विषय स्वतः अनुभवलेला असावा, ऐकणाऱ्याच्या हिताची त्याला कळकळ असावी आणि वस्तू जशी आहे तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. ही लक्षणे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू आहेत, असेही तो सांगतो. कूळ किंवा नाव यांवर आप्तत्व ठरत नाही. या तिन्ही लक्षणांची विशेषता अशी की ती तपासायला विषयाचे ज्ञान लागत नाही, माणसाच्या वागण्याकडे पाहावे लागते.

पहिले लक्षण, प्रत्यक्ष अनुभव. अमेरिकेच्या नियमांत भाग ६१ प्रमाणे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी उपकरण-उड्डाणाचे ४० तास लागतात. त्यांतले किमान १५ तास अधिकृत इन्स्ट्रक्टरबरोबरचे असावे लागतात, आणि मुख्य वैमानिक म्हणून क्रॉस-कंट्री उड्डाणाचे ५० तास वेगळे. भाग १४१ खालील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ३५ तास पुरतात. मात्र हे तास खऱ्या ढगातले असलेच पाहिजेत असे नाही. नजर पॅनेलपुरती बांधणारा हुड डोक्यावर चढवून निरभ्र आकाशातही ते भरता येतात. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात उड्डाणे क्वचितच रद्द होतात, अभ्यासक्रम लवकर पुरा होतो, पण एकदाही ढगात न शिरता रेटिंग मिळू शकते. हुडखाली कडेने प्रकाश आणि सावली सरकताना दिसते, आणि हुड केव्हाही काढता येतो हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. ढगात यांपैकी काहीच नसते. म्हणून इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात प्रत्यक्ष ढगातले तास किती, आणि विद्यार्थ्यांना ढगात नेण्याची शाळेची पद्धत आहे का, हे विचारावे.

दुसरे लक्षण, हिताची कळकळ. अमेरिकेत एअरलाइनमध्ये जाण्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात आणि अनेक तरुण वैमानिक ते गाठण्यासाठी शिकवण्याचे काम करतात. यात गैर काही नाही. पण ज्याला स्वतःचे तास हवे आहेत त्याचे हित लांबलेल्या उड्डाणात असते, आणि विद्यार्थ्याचे हित नेमक्या धड्यात. तास पूर्ण होताच इन्स्ट्रक्टर निघून जातो. नवा येतो तो मागचे पुन्हा तपासतो आणि त्याचा खर्च विद्यार्थी भरतो. सिम्युलेटरवर स्वस्तात बसवता येणारी गोष्ट शाळा विमानात शिकवते का, सगळी फी आगाऊ मागते का, इन्स्ट्रक्टर बदलला तर काय करते, यांच्या उत्तरांतून हित कोणाचे पाहिले जाते ते उघड होते.

तिसरे लक्षण, जसे आहे तसे सांगणे. नियमात लिहिलेले किमान तास हाच एकूण खर्च म्हणून सांगणारी शाळा या कसोटीला उतरत नाही, कारण किमान तासांत तयार होणारे विद्यार्थी थोडे असतात. विमानांच्या देखभालीच्या नोंदी मागितल्यावर त्या समोर ठेवणे, मधल्या चाचणीत नापास झालेल्याला तसे स्पष्ट सांगणे, ‘आज हवामान योग्य नाही’ म्हणून उड्डाण आणि त्याचे पैसे दोन्ही सोडणे, ही या लक्षणाची रोजची रूपे आहेत.

याउलट आकडे आणि दिखावा यांना आप्तत्वाचा पुरावा मानण्यात धोका आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा समास लिहिताना करामती दाखवणारे आणि नाना विद्या शिकवणारे यांनाही लोक गुरू म्हणतात हे मान्य केले आहे, पण सद्गुरूला त्यांच्यापासून वेगळे काढले आहे. संदर्भ मोक्षाचा असला तरी भेद इथेही चालतो. भाग १४१ ची मान्यता टिकवण्यासाठी शाळेचे किमान ८० टक्के विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागतात. हा आकडा काहीतरी सांगतो, पण डळमळीत विद्यार्थ्यांना परीक्षेलाच न पाठवूनही तो राखता येतो. भारतात डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला बारामती, गोंदिया की परदेश असा विचार करताना तिचा उपयोग होईल. पण श्रेणी हेही शब्दप्रमाणच आहे, आणि ती कशावरून दिली ते वाचूनच वापरायची आहे.

एक आक्षेप उरतो. प्रामाण्य सफळ कृतीने ठरते असे मानले, तर शाळेचा कस ढगात लागणार, आणि तिथे शाळा खोटी ठरली तर ते कळून उपयोग नाही. याचे उत्तरही न्यायसूत्रांत आहे. वेदांचे प्रामाण्य मांडताना तिथे आयुर्वेदाचा दाखला दिला आहे : आयुर्वेदाचे फळ डोळ्यांना दिसते, त्यावरून तो सांगणाऱ्याचे आप्तत्व ठरते आणि मग त्याच्या न दिसणाऱ्या विषयांवरच्या शब्दावरही विश्वास ठेवता येतो. शाळेच्या बाबतीत दिसणारी फळे लहान आहेत, पण आहेत. पहिल्या ओळखीच्या उड्डाणाआधी ब्रीफिंग झाले का, उड्डाणानंतर चुका नेमक्या शब्दांत सांगितल्या का, ठरलेल्या वेळेला ठरलेले विमान मिळाले का, शाळा सोडून गेलेले विद्यार्थी काय सांगतात, ही ती फळे. सगळी फी भरण्याआधी अशी चार-पाच फळे तपासता येतात.

शाळेवरच्या विश्वासाला शेवट असावा लागतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे रेटिंग मिळालेल्या वैमानिकाने मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणे) आणि मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव केलेला नसेल, तर त्याला मुख्य वैमानिक म्हणून उपकरण-उड्डाण करता येत नाही. म्हणजे एकदा मिळालेले प्रामाण्य कायमचे नसते आणि ते राखण्याची जबाबदारी शिष्याची असते. यावरून निवडीची कसोटी निघते. जी शाळा उपकरणावर विश्वास ठेवायला शिकवते, त्या विश्वासाला बाध कसा आणायचा हेही शिकवते, आणि स्वतःच्या शब्दाची तपासणी करण्याची साधने पहिल्या भेटीतच विद्यार्थ्याच्या हाती देते, ती निवडावी. प्रश्न विचारल्यावर जी चिडते ती, फी कितीही कमी असली तरी, सोडावी.