संघाला शरण जाणे

'संघ' हा शब्द गिरणीच्या फाटकावरील फलकावर आपण वाचतो आणि बौद्धांच्या त्रिशरणातही ऐकतो. परंतु एका ठिकाणी वर्गणी भरून पावती घेणे एवढाच त्याचा अर्थ उरावा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला बुद्ध व धम्म यांच्या पंक्तीला बसण्याचा मान असावा, ही विसंगती आपल्याला सहसा खटकत नाही. ज्या भिक्षूने संघाला शरण जावयाचे, तो स्वतःच त्या संघाचा घटक असतो. मग शरण जाणे याचा अर्थ आपली विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हवाली करणे, असा होऊ शकेल काय?

पाळी सुटल्यावर फाटकापाशी सभा भरते, सरचिटणीस ठराव वाचतात, टाळ्या पडतात आणि 'एकमताने मंजूर' असे इतिवृत्तात नोंदले जाते. ज्याच्या मनात शंका होती तो 'साहेब बघून घेतील' असे म्हणत घराची वाट धरतो. या उद्गाराला आपण श्रद्धा म्हणतो. वस्तुतः ते कोरे मुखत्यारपत्र असते. आणि कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला पुढे फसवणुकीची तक्रार करण्याचा नैतिक अधिकार कितपत राहतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

विनयपिटकातील व्यवस्था याहून कितीतरी दक्ष आहे. ठराविक संख्येवाचून तेथे संघकर्म सिद्ध होत नाही. महत्त्वाच्या कामी प्रस्ताव मांडून तो तीनदा पुकारावा लागतो आणि ज्याला तो अमान्य असेल त्याने बोलावे, असे प्रत्येक वेळी सांगावे लागते. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते मोजली जातात. आणि आजारी भिक्षूलाही आपली संमती दुसऱ्याकरवी कळवावी लागते. ज्या शास्त्याने आपल्यामागे कोणी उत्तराधिकारी न नेमता धम्म व विनय यांनाच शास्त्याचे स्थान दिले, त्याच्या संघात कार्यपद्धती हे धर्माचरणाचेच अंग व्हावे, हे स्वाभाविक होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी याच संघांतील गणपूर्ती, ठराव व मतमोजणी यांचे स्मरण दिले आणि त्याच भाषणात धर्मातील भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असली तरी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापून १९३८ च्या संपात उतरलेल्या नेत्याचा हा इशारा कामगार संघटनांनाही तितकाच लागू पडतो.

मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले आणि १८९० मध्ये रविवारची सुटीही मिळवली. परंतु त्यांच्या संस्थेला सभासदांची नोंदवही नव्हती, नियम नव्हते, निधी नव्हता. सारा भार एका सत्पुरुषाच्या खांद्यावर होता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणीगणिक समित्या उभ्या राहिल्या, तेव्हा साच्यावरचा कामगार प्रथमच आपल्या संघटनेच्या कारभाराच्या निकट आला. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियन ठरवण्याचे काम सभासदसंख्येच्या दप्तरी तपासणीवर सोपवले. कामगाराच्या गुप्त मताला तेथे स्थान नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, तेव्हा त्यांची मान्यताप्राप्त युनियन एक होती आणि त्यांचा विश्वास दुसऱ्याच नेत्यावर होता. ही दुफळी मतपेटीने मिटवण्याची वाट कायद्याने ठेवलेली नव्हती, आणि तो संप रीतसर मागे न घेतला जाताच विरून गेला.

लढ्याला एकच सेनापती हवा आणि बहुमतही चुकू शकते, असा आक्षेप यावर येईल, आणि तो पोकळ नाही. खुद्द विनयातही बहुमत अधर्माच्या बाजूला झुकल्यास शलाका वाटणाऱ्याने ते मतदान रद्द समजावे, अशी तरतूद आहे. याच दारातून उद्या एखादा पुढारी धर्माचे नाव घेऊन आत शिरू शकेल, हेही नाकारता येत नाही. परंतु बहुमत म्हणजे सत्य नव्हे, एवढ्यावरून एकट्याचे मत म्हणजे सत्य, असे सिद्ध होत नाही. संप पुकारल्यावर शिस्त हवीच; मात्र संपाआधी ज्याला विचारले, त्याच्यावरच ती शिस्त नैतिकदृष्ट्या बंधनकारक ठरते. आणि उपाशी राहण्याची वेळ ज्याच्या मुलांवर येणार, त्याचे मत घेण्यासाठी मतपेटी खात्याखात्यात नेणे, रात्रपाळीवाल्यासाठी सभा पुन्हा भरवणे आणि हिशेब मोठ्याने वाचून दाखवणे, यांत सेनापतीचा कोणताच अधिकार खर्ची पडत नाही.

भिक्षुसंघात मौन ही संमती मानली जाते, हे खरे. परंतु ते मौन तीनदा विचारल्यानंतरचे असते. फाटकावरून निमूटपणे घरी जाणाऱ्याला मात्र एकदाही विचारलेले नसते, आणि तरीही त्याचे मौन आपण एकमतात जमा धरतो.