बिनविरोध

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. तेथील भगिनींचा कारभार मतमोजणीने नव्हे, सर्वसंमतीने चालावा असा दंडक पडला. तिघांनी दोघांना गप्प करावे, हा बहुमताचा न्याय विनोबांना रुचत नसे. पाचामुखी परमेश्वर म्हणावयाचे, तर पाचही मुखे बोलावयास हवीत.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की आपल्या गावांतूनही एकमताचा आग्रह होतो. त्याला ‘बिनविरोध’ म्हणतात. खर्च वाचतो, भाऊबंदकी टळते. हे खोटे नाही. निवडणुकीपायी बोलणे तुटलेली घरे कोणी पाहिली नाहीत? परंतु हे एकमत ठरते कोठे? बहुधा एखाद्या मोठ्या घराच्या ओसरीवर. सालदाराला तेथे बोलावणे नसते. असलेच, तर तो कडेला उभा राहतो. ज्याच्या शेतात वर्षभर राबावयाचे, मुलीच्या लग्नासाठी ज्याच्याकडून उचल घ्यावयाची, त्याच्यासमोर ‘मला हे नाव पसंत नाही’ असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याचे मौन संमतीच्या खात्यात जमा होते.

नाशिक जिल्ह्यातील उमराणे गावी तर सरपंचपदासाठी चक्क बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक रद्द केली. पैसा देवळाच्या कामी लागणार होता, असे सांगितले गेले. असेल, पण ज्याला बोली लावण्याची ऐपत नाही, त्याचा हक्क देवाच्या नावाने विकता येतो काय?

पवनारला एकमत शोभते, कारण तेथे कोणी कोणाची मजूर नाही. गावात ही समता येईपर्यंत गुप्त मतदान हाच सालदाराचा आधार. त्या आडोशात मालकाची नजर पोहोचत नाही. मात्र मत देणे म्हणजे बोलणे नव्हे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत लिहून ठेवले, की महत्त्वाच्या प्रश्नी साऱ्या मठाला बोलवावे, कारण योग्य ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच सुचवितो. निर्णय मठाधिपतीचा, पण सर्वांचे ऐकून घेतल्यावर.

आपल्या राज्याच्या कायद्यातही ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा केल्या की ती भरली असे जेथे मानतात, तेथे पुढच्या वेळी चार जणींनी सहीआधी एवढेच विचारावे : सभा कोठे, किती वाजता?